दोन खाड्यांपलीकडचं औषध

चौलहून परत आल्यापासून माझ्या ओटीवर बायकांची रीघ लागली आहे. कुणाचा दीर, कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा. कशा गेलात, कुठे उतरलात, वाटेत खाल्लंत काय, आणि तो डॉक्टर चिडका आहे का? तेच ते सांगून माझा घसा बसला, म्हणून आता लिहूनच काढते. ज्यांना जायचं आहे त्यांनी वाचावं, आणि ज्यांना जायचं नाही त्यांनीही वाचावं, कारण वेळ कुणावर सांगून येत नाही. माझ्या भावाची, बापूची, परवानगी घेतली आहे. तो म्हणाला, "लिही गो आक्का, पण मी दिसायला बरा आहे हे आधी लिही." तर बापू दिसायला बरा आहे.

माझं सासर आणि माहेर दोन्ही दिवेआगरातच, मध्ये फक्त एक कुंपण. आई लवकर गेली, त्यामुळे बापूला मीच न्हाऊमाखू घातलं. पोर गुणी. पोफळीची वाडी त्यानं वडिलांपेक्षा चांगली राखली. मग एका पावसाळ्यात त्याची दाढ दुखायला लागली आणि कुणीतरी शहाण्यानं त्याला मुगाएवढी अफू दिली. दाढ पडून गेली, अफू राहिली. मुगाची वाटाण्याएवढी झाली. बापू कधी आरडाओरडा करत नसे, उलट फार गोड बोलायला लागला. बोलता बोलता मान कलायची. रहाटावर बसून झोपायचा. बैलालाही ते कळलं होतं, धनी झोपला की तोही उभा राहायचा आणि वाडी कोरडी राहायची.

त्या रहाटाशीच ते झालं. बापूची बायको यमू धुणं वाळत घालत होती आणि लेक छबी बापाजवळ खेळत होती. बाप डुलक्या घेत होता. छबी दुडूदुडू विहिरीच्या काठाशी गेली, वाकली, आणि यमूनं धावत जाऊन तिला परकराला धरून मागे ओढली. ओरडली नाही, रडली नाही. ओला पदर पिळला, पोरीला कडेवर घेतलं आणि त्याच दिवशी मुरूडला माहेरी निघून गेली. माझा भाऊ असला तरी मी तिला थांबवलं नाही. मी असते तर दोन थोबाडीत ठेवूनच गेले असते.

आता उपाय काय? बोर्लीच्या बाजारात अफूचं परवान्याचं दुकान आहे, चालत गेलं तर पान खाऊन संपायच्या आत पोचावं. आणि ती सोडवणारा माणूस? वैद्य झाले, देवाचा अंगारा झाला, पीराचा ताईत झाला. शेवटी कळलं की चौलला एक डॉक्टर आहेत. मुंबईच्या इस्पितळातली नोकरी पुरी करून ते आपल्या वाडीत येऊन राहिलेत आणि अफू-दारू सोडवतात. चौल म्हणजे दोन खाड्यांपलीकडे. मिठाच्या सत्याग्रहाच्या गडबडीनंतरचा तो हिवाळा. समुद्र शांत होता, पोफळीची काढणी व्हायची होती. आमच्या ह्यांचे गुडघे गाडीत बसायच्या कामाचे नव्हते, म्हणून मीच पदर खोचला.

दिवेआगर ते दिघी

बापू नाही म्हणेल म्हणून मी आठवडाभर बोलणी तयार करून ठेवली होती. तो एका शब्दात हो म्हणाला. वर म्हणतो, "आक्का, मी चौलच्या देवाला नारळ बोललोय. सुटू दे म्हणून." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा हा परिणाम, आणि मी तेव्हा बोललेही नव्हते.

तरी मी काही दूधखुळी नाही. निघायच्या आधी त्याची वळकटी उलगडून पाहिली, वहाणांचे तळवे पाहिले, दंतमंजनाच्या डबीत काडी घालून ढवळलं. काही नाही. सदऱ्याचे खिसेसुद्धा रिकामे. हातात फक्त तो नारळ, छान सोललेला, शेंडी राखलेली, हळदकुंकू लावून तांबड्या फडक्यात बांधलेला. आता आमच्याकडे नारळ हातात आला की कानाशी आपोआप जातो. बाजारात, देवळात, लग्नात, कुठेही. पाणी वाजलं की नारळ चांगला. पण नवसाचा नारळ कोण वाजवून बघतो? देवाच्या वस्तूची परीक्षा घ्यायची का? मी त्याला लांबूनच नमस्कार केला.

पहाटे गाडी जुंपली. बोर्ली ओलांडताना मी बापूकडे बघत होते, पण त्यानं त्या दुकानाकडे मानही वळवली नाही. धन्य झाले. पुढचा रस्ता तुम्हाला सांगते, फार देखणा आहे. एका अंगाला डोंगर, त्यावर ऐन आणि किंजळ, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं, कापणी झालेली, वालाचा हिरवा कोंभ वर आलेला. सकाळी धुकं होतं आणि वालाच्या शेताचा वास येत होता. एका ओढ्याशी आम्ही थांबलो आणि दडपे पोहे सोडले. बापू म्हणाला, मी जरा देवाचं नाव घेऊन येतो, आणि नारळ घेऊन झुडपामागे गेला. आला तो प्रसन्न मुद्रेनं. मी गाडीवानाला म्हटलंसुद्धा, "भक्ती म्हणतात ती ही." गाडीवान बैलाची शेपटी पिळत राहिला. मागाहून वाटतं, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत असावं.

खाडीत

दिघीला खाडी ओलांडायला तर मिळाली. मोठी शिडाची होडी, आत आम्ही, दोन कोळणी टोपल्या घेऊन, एक शेळी आणि तांडेल. तांडेल म्हणजे होडी चालवणारा, म्हातारा, काळाभोर, दात एकही नाही पण सतत हसतो. डाव्या हाताला जंजिरा पाण्यात बसलेला. मी आयुष्यात दुसऱ्यांदा बघत होते, आणि बघत बसणार एवढ्यात वारा फिरला.

काय सांगू. शिडानं फाडकन आवाज दिला, होडी एका अंगावर गेली, शेळी माझ्या मांडीवर आली. कोळणी शांत बसून होत्या, मला मात्र आमच्या पोफळी दिसायला लागल्या.

तांडेल सुकाणू धरून म्हणाला, "बाय, नारल हाय का? खाडीला सोडा. दरिया मागतोय."

नारळ आमच्याकडे पोतंभर होते, यमूच्या माहेरी द्यायला. पण सगळे असोले, सालासकट, बाकाखाली दोरीनं बांधलेले. सोललेला एकच. मी मागचापुढचा विचार केला नाही. देव काय आणि दर्या काय, मागणारा आत्ता समोर आहे त्याला आधी. बापूच्या मांडीवरचं तांबडं फडकं उचललं, "दर्याराजा, सांभाळ रे," म्हटलं आणि दिला सोडून.

बापू जो उठला, तो तांडेलानं पाय धरून खाली बसवला म्हणून वाचला. "आक्का, माझा नारळ," एवढंच म्हणाला, आणि तोंड असं केलं की मला आई गेली त्या दिवसाची आठवण झाली.

"अरे दुसरा देऊ देवाला. चौलला काय नारळांचा दुष्काळ आहे?"

"होडी वळवा," तो तांडेलाला म्हणाला. "पाया पडतो, वळवा. तो बघा, तरंगतोय."

तरंगत होताच. तांबडं फडकं सुटून गेलं होतं आणि नारळ शेंडी वर करून जंजिऱ्याच्या दिशेनं चालला होता. तांडेल म्हणाला, "दर्याला दिलेला नारल परत घ्येत न्हाय, शेट. आजवर कुनी घ्येतला न्हाय."

मग बापूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि सांगून टाकलं. नारळाचा एक डोळा मऊ असतो हे आम्हां वाडीवाल्यांना शिकवावं लागत नाही. त्यानं तो डोळा टोकरून पाणी काढून टाकलं होतं, आत अफूच्या गोळ्या भरल्या होत्या, वरून मेण, मेणावर हळदकुंकू. महिनाभराचा शिधा. नवसाच्या नारळाला कुणी हात लावणार नाही, ही त्याची अक्कल. आणि ओढ्याकाठची भक्ती म्हणजे काय, तेही मला तेव्हा उमगलं.

होडीत आधी एक कोळीण हसायला लागली, मग दुसरी, मग तांडेल. मीही हसले हो, खोटं कशाला बोलू. वारासुद्धा पडला. तांडेल म्हणाला, "आता हितले मासे चार दिस जाल्यात येनार न्हायत. झोपतील." एकटा बापू हसत नव्हता. तो त्या नारळाकडे बघत होता, दिसेनासा होईपर्यंत.

मुरूड

राजपुरीला उतरून टांग्यानं मुरूड गाठेपर्यंत ऊन कललं आणि बापूला जांभया सुरू झाल्या. एकामागून एक, जबडा निखळेल अशा. मग नाक वाहायला लागलं, मग डोळे. अंगावर काटा. मी कधी हे पाहिलं नव्हतं, कारण आजवर त्याला एक दिवसही ती चुकली नव्हती. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मला भीती वाटली, फार भीती वाटली.

आणि अशा अवस्थेत आम्ही त्याच्या सासुरवाडीच्या दारात उभे. यमूचे वडील तात्या, जन्मभर मास्तरकी केलेले, भिंतीसारखे ताठ. जावयाला चार शब्द सुनवायचे म्हणून ओटीवर सरसावून बसलेले. त्यांनी बघितलं तर जावयाच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या, नाक लाल, ओठ थरथरताहेत. म्हातारा विरघळला. "असू दे, असू दे, जावईबापू," म्हणाले. "पश्चात्तापानं माणूस शुद्ध होतो." आणि स्वतःच्या उपरण्यानं त्याचं तोंड पुसायला लागले. सासूबाईंनीही पदर डोळ्यांना लावला. बापूला बोलता येत नव्हतं, तो नुसता जांभया देत होता.

स्वयंपाकघराच्या दाराशी यमू उभी होती. छबी तिच्या मागे. तिनं एकदा बघितलं आणि मला म्हणाली, "वन्सं, हे रडणं नाही. तलफ आहे. शेवटची कधी घेतली?"

मी नारळाची हकिकत सांगितली. यमूच्या ओठांचा कोपरा जरा हलला, पण तेवढंच. तोवर बापू पोट धरून ओटीवर आडवा झाला होता. उलटी झाली, पोटात कळा, पाय एकसारखे झाडत होता. म्हणत होता, "आक्का, मला मार, पण एवढीशी दे." तात्या म्हणत होते, मुळीच नाही, आता सुटलीच आहे तर सुटू दे. चौल अजून एक पुरा दिवस आणि एक खाडी लांब. आणि अफूचं दुकान मुरूडच्या बाजारात, त्याच गल्लीच्या तोंडाशी.

यमू म्हणाली, "असे हे गाडीत बसू शकणार नाहीत. बसले तर पोचणार नाहीत. डॉक्टरपर्यंत जाण्यापुरती द्या. थोडी. माझ्या हातानं देईन."

पण आणायची कुणी? बायकांनी त्या दुकानाची पायरी चढायची सोय नाही, बापू उठू शकत नाही. उरले तात्या. त्यांनी देवाकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, उपरणं डोक्यावरून ओढून घेतलं आणि गेले. परत आले ते घामाघूम. दुकानदार त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. त्यानं विचारलं, "मास्तर, तुम्ही कधीपासून?" तात्यांनी काय उत्तर दिलं ते त्यांनी आम्हांला अजून सांगितलेलं नाही. मुरूडात मात्र रात्र पडायच्या आत झालं की मास्तरांनी म्हातारपणी अफू धरली.

यमूनं नखाएवढा तुकडा मोडून दिला, बाकीचा पदराच्या गाठीत बांधला. बापू निवांत झाला. मग आम्ही जेवलो. तात्यांकडचं जेवण आमच्यासारखंच, पण आमटीत ओल्या खोबऱ्याबरोबर भाजलेला कांदा घालतात, आमच्याकडे सोवळ्यात असला कांदा चालत नाही. मला आवडली. घरी येऊन एकदा गुपचूप केली.

निघताना यमूनं ती गाठ सोडून पुडी माझ्या हातात दिली आणि नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "पुरती सुटली की न्यायला या. उरली असेल तर ह्या दारावरून सरळ पुढे जा. मी पुन्हा त्या विहिरीकाठी जीव मुठीत धरून बसणार नाही."

बापूनं छबीच्या डोक्यावर हात ठेवला. ती त्याला ओळखत होती, पण जवळ गेली नाही. हे त्याला लागलं.

कोर्लईवरून

नांदगाव, काशीदची खिंड, डोंगरात बिबट्याच्या गोष्टी सांगणारा गाडीवान, हे सगळं गाळते. कोर्लईशी चाकाची खीळ निसटली आणि गाडी कलंडली, एवढंच सांगण्याजोगं. मी चिखलात बसले. तिथल्या ख्रिस्ती वस्तीतली एक बाई धावत आली. कपाळ रिकामं, पण अंबाड्यात अबोलीचा हा एवढा वळेसर. ती घरात मुलांशी बोलली ते मला एक अक्षर कळलं नाही, फिरंग्यांच्या वेळची त्यांची वेगळीच बोली आहे. माझ्याशी मात्र आपल्यासारखं मराठी बोलली. तिनं खिळीला लाकूड दिलं, वर रताळी भाजून दिली. मी घरी असते तर सोवळंओवळं आठवलं असतं. चिखलात बसल्यावर कसलं सोवळं? रताळी गोड होती. तिनं बापूकडे बघून विचारलं, "चौलला का?" म्हणजे ह्या वाटेनं चौलला जाणारे चेहरे तिला पाठ झालेत.

चौल

रेवदंड्याची खाडी ओलांडली, किल्ल्याच्या तटाआडच्या वाड्यांतून गेलो आणि चौलला पोचलो. नारळी-पोफळी, तळी, देवळं, पाखरं. मला वाटलं, एवढं लांब येऊन मी दिवेआगरलाच परत आले की काय. फक्त सुपारी आमच्या श्रीवर्धनी रोठ्याच्या पासंगाला पुरत नाही, हे मी पहिल्याच दिवशी तिथे सांगून टाकलं.

डॉक्टर चिडके नाहीत. ठेंगणे, टक्कल, धोतरावर कोट, सतत सुपारी कातरत असतात. त्यांनी बापूची नाडी बघितली आणि विचारलं, "मध्येच एकदम तोडलेली दिसते. कुणी तोडली?"

"दर्यानं," मी म्हटलं. मग सगळी हकिकत. डॉक्टर अडकित्ता खाली ठेवून हसले, पण मग गंभीर झाले. म्हणाले, "वाटेत थोडी दिलीत हे उत्तम केलंत. नाहीतर खिंडीतच आडवा झाला असता. ही पायरीपायरीनं उतरवायची असते, ढकलायची नसते. कुणाची अक्कल ही?"

"ह्याच्या बायकोची."

"ती कुठे आहे?"

"माहेरी. सुटल्याशिवाय यायची नाही."

"हं," म्हणाले, आणि पुन्हा कातरायला लागले.

त्यांच्याकडे औषध असं फार थोडं. रोज गोळी जरा लहान करायची, पोट सांभाळायचं, पहाटे समुद्रावर चालायचं, दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या चढायच्या, आणि दुपारभर पडवीत बसून सुपाऱ्या सोलायच्या. पडवीत आणखी रोगी होते. पेणकडचे एक आगरी मिठागरवाले, ताडीनं हात कापणारे. ते मला म्हणाले, "ताडी माज्या बांदावं हाय, बाय. डाक्टर बगा कुटं हाय. येतानाच तीन ठिकानी पिऊन आलू." एक बाई भावाला घेऊन आली होती, तो रात्रंदिवस कुणाशी तरी बोलायचा. डॉक्टरांनी तिला सांगितलं, हे माझं काम नाही, तुम्हाला ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात न्यावं लागेल. ती बाई उठून अंगणात जाऊन उभी राहिली. तिच्या गावाहून चौलला यायलाच तिला तीन गाड्या बदलाव्या लागल्या होत्या. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

मला राग आला, आणि मला राग आला की मी बोलते. डॉक्टरांना म्हटलं, "वेडाला ठाणं, व्यसनाला चौल, आणि आमच्या दाराशी काय तर फक्त दुकान. हा कुठला न्याय?"

डॉक्टर म्हणाले, "न्याय नाहीच. पण माझे पाय दोन आणि माझंही वय झालं. तुम्ही सांगा काय करू."

त्यांच्या घरचं वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी मी मुकाट्यानं खाल्ली. बिरडं असं की वाल आख्खा दिसतो आणि जिभेवर लोणी होतो. मी कृती विचारून घेतली आहे. रागावलं तरी कृती सोडू नये.

बापूला पहिले दिवस जड गेले. रात्री झोप नाही, पाय ओढायचे, चिडचिड. गोळी द्यायचं काम माझ्याकडे होतं. तो लहानपणासारखा "आक्का" म्हणायचा की मी पाघळायचे आणि मोठी गोळी द्यायचे. डॉक्टरांनी दोन दिवसांत ओळखलं. डबी माझ्याकडून काढून घेतली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही रोग्यापेक्षा कच्च्या आहात." लागलं मला. पण खोटं नव्हतं.

हळूहळू त्याला भूक लागायला लागली. एका संध्याकाळी तो समुद्रावरून आला आणि म्हणाला, "आक्का, पोफळीला पाणी कोण देतं गं आता?" इतक्या वर्षांत त्यानं वाडीची चौकशी पहिल्यांदा केली. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

पण काढणी तोंडावर आली, घरून निरोप यायला लागले. आम्हांला कायमचं चौलला राहून कसं चालेल? डॉक्टर म्हणाले, "अजून मुगाएवढी उरली आहे. शिमग्यापर्यंत जाईल. दर पंधरा दिवसांनी मला दाखवायला या म्हणालो असतो, पण तुम्ही दोन खाड्या ओलांडून काय येणार आणि पावसाळ्यात तर येणारच नाही. तेव्हा ह्या मोजून केलेल्या गोळ्या. ह्या त्याच्या हातात द्यायच्या नाहीत. तुमच्या तर नाहीच नाही. जिनं नखाएवढी मोडून दिली आणि बाकीची गाठीत बांधली, तिच्या हातात द्या. दिवेआगरला माझी डॉक्टर तीच."

"ती येणार नाही. उरली असेल तर दारावरून पुढे जा म्हणाली आहे."

"मग तिला खरं सांगा," डॉक्टर म्हणाले. त्यांच्याकडेही दुसरं औषध नव्हतं.

परत

वाटभर मी बापूला शिकवत होते. आधी आत जा, छबीला घे, जेवण होऊ दे, मग हळूच विषय काढ. नाहीतर म्हण सुटली, आणि डबी मी ठेवते. तो नुसता हूं हूं करत होता. मला वाटलं, पटलं.

मुरूडला सकाळी पोचलो. तात्या ओटीवर होते. शेजारचे कुणीतरी त्यांना विचारत होते, "मास्तर, आता बरं वाटतंय ना?" जावयाला बघून ते उठले, "या, या." बापू अंगणातच थांबला. पायरी चढला नाही.

यमू दारात आली. बापू म्हणाला, "थोडी उरली आहे. मुगाएवढी. शिमग्यापर्यंत जाईल म्हणतात." सकाळीच माझ्याकडून मागून घेतलेली डबी कोटाच्या खिशातून काढून त्यानं हात पुढे केला. "ही तुझ्या हातानं द्यावी असं डॉक्टर म्हणाले. पण तू म्हणाली होतीस पुढे जा. म्हणून इथूनच सांगतो."

मी कपाळाला हात लावला. तात्या म्हणाले, "अहो, आत तर या." बापू म्हणाला, "नको. तिची अट आहे." यमू आत वळली. बापूनं डबी खिशात ठेवली, सासऱ्यांना वाकून नमस्कार केला आणि चालायला लागला. मी मागून. त्याच्यावर इतकी चिडले होते आणि इतका अभिमान वाटत होता की राजपुरीपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, आणि हे माझ्या बाबतीत फार आहे.

धक्क्यावर तोच बिनदातांचा तांडेल. भरतीची वाट बघत बसला होता. बापूला बघून म्हणाला, "शेट, ह्या टायमाला नारल आनलाय का?" बापूनं पिशवीतून काढून दाखवला. चौलचा, सोललेला, शेंडीचा. आम्ही होडीत सामान ठेवलं. पाणी चढत होतं. तांडेल शीड सोडायला लागला.

तेवढ्यात रस्त्यावर टांगा वाजला. पुढे तात्या, मागे ट्रंक, ट्रंकेवर छबी. यमू उतरली. सरळ बापूसमोर येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. त्यानं डबी दिली. तिनं ती उघडून आतल्या गोळ्या बघितल्या, झाकण लावलं, पदराच्या टोकात बांधली आणि गाठ दातानं आवळली. त्यानं काही बोलायला तोंड उघडलं, पण तिनं पुन्हा हात पुढे केला. ह्या वेळी नारळासाठी.

बापूनं नारळ दिला. यमूनं तो कानाशी नेला आणि हलवला. तिनं आणखी एकदा हलवला, मग खाली वाकून छबीच्या कानाशी हलवला. छबी खुदकन हसली.

"पाणीच आहे," यमू म्हणाली, आणि निऱ्या सावरून होडीत चढली.